पडदापाडी

“हलायचं नाही! कुणी हललं तर भूत उमटेल!”

अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्या आवाजाला, पण धाकटीच्या कानात तो अजून ताजा होता. आवाज स्टुडिओवाल्याचा. डोकं काळ्या कापडाखाली, बाकीचा देह बाहेर, आणि एक हात वर, जणू आभाळ त्यानंच उचलून धरलंय. त्याच्यासमोर धाकटीचं सगळं घर मांडलेलं होतं. उसन्या कोटात वडील, नव्या कपड्यांत आई, दोघांच्या मागे मधोमध दहा वर्षांची थोरली, आणि अगदी कडेला, पडद्याच्या झालरीशी, सहा वर्षांची धाकटी. आणि पडदा तर काय सांगावा! संगमरवरी जिना, जिन्याच्या पायाशी तळं, तळ्यात दोन हंस, आणि भरदुपारी चंद्र.

“एक… दोन…”

तीन आलंच नाही. धाडकन दांडा आला, दांड्यामागून जिना आला, तळं आलं, चंद्र आला. सगळीकडे अंधार. त्या अंधारात कुणीतरी खळखळून हसलं. पडदा उचलला तेव्हा झालरीचं टोक धाकटीच्या मुठीत होतं.

“हिनं ओढला!” स्टुडिओवाला गरजला, आणि खटला तिथंच संपला. ना वकील, ना साक्षीदार. त्याच संध्याकाळी थोरलीनं बहिणीचं नवं बारसं केलं: पडदापाडी. नाव असं चिकटलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

फोटो मात्र निघाला होता. वडिलांच्या कोटाला डोकं नाही, आईच्या डोक्यावर हंस. त्यानंतर घरातल्या कुणी स्टुडिओची पायरी चढली नाही. “झाला तेवढा फोटो पुरे,” आई म्हणायची. पुढे आई म्हातारी झाली, एक दिवस गेलीही, आणि मग लक्षात आलं की तिचा दुसरा धड फोटोच नाही. भिंतीवर लावायचं तर हंसासकट लावायला हवं. ही सल धाकटीनं कधी बोलून दाखवली नाही. ती फोटोपासून लांब राहिली आणि पडदे शिवत राहिली.

“पाडलेला पडदा जन्मभर शिवतेय बिचारी,” हा थोरलीचा ठरलेला विनोद. थोरली एसटीत नाही की रेल्वेत नाही, शहरातल्या साध्या बसवर तीस वर्षं कंडक्टर होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तरी ती म्हणायची, “पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा करा!”

धाकटीनं एका मोठ्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं मशीन चालवलं. दुकान आणि खोली यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही तिनंच शिवलेला. पुढे गिऱ्हाईक म्हणायचं, “चुण्या काय पडल्यात हो, पाण्याच्या लाटा जशा!” ती तारीफ पडद्यापाशी यायची, झालरीला शिवायची आणि तिथूनच परत फिरायची. आत धाकटी आईची ओवी गुणगुणत पायडल मारायची:

सुई जाते पुढे पुढे, दोरा मागून येतो गं
सुईचं होतं नाव, कापड दोरा धरतो गं

आणि आता, चौपन्नाव्या वर्षी, दोऱ्याला सुई व्हायची हौस आली होती. धाकटीनं स्वतःचं दुकान घेतलं. रस्त्यावर, तीन मशीनं मावतील एवढं. सोमवारी उघडायचं होतं. पाटी करणाऱ्याला ती एका दमात म्हणून गेली होती, “कात्री नको, सुई नको, पडद्याचं चित्र तर अजिबात नको. पाटीवर मी हवी.” म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

पाटीवाल्याचा शनिवारी सकाळी फोन आला. “बाई, आज चार वाजता छपाईचं मशीन लागतं. चारच्या आत फोटो आला तर तुमचा चेहरा. नाही आला तर माझ्याकडे कात्री तयार आहे. छान आहे कात्री. चकचकीत.”

धाकटीनं फोन ठेवला आणि थोरलीच्या मुलीला बोलावणं धाडलं.

भाची दवाखान्यात एक्स-रे काढायची. साधे फोटो काढायचा तिला नाद होता, गळ्यात चांगला कॅमेरा होता, पण सवय जाईल कुठं? ती दारातून आली तीच म्हणाली, “मावशी, घाबरू नकोस, दुखणार नाही.”

“हाडं नको काढूस गं माझी.”

“आज कातडीवरच थांबते. स्टुडिओ कशाला हवा? खिडकीचा उजेड आहे, मागे एक पडदा लावला की झालं. आणि पडद्यांना तुझ्याकडे काय तोटा!”

तोटा होता तो दांड्याचा. जगाला पडदे आणि घरच्या खिडकीला वर्तमानपत्र, अशी धाकटीची गत. अर्ध्या शहराच्या खिडक्या तिनं झाकल्या होत्या, स्वतःच्या उघड्याच. शेवटी एका बाजूला कपाट, एका बाजूला शिडी, आणि मध्ये फरशी पुसायच्या मॉपचा दांडा आडवा टाकून चिकटपट्टीनं बांधला. पडदा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावला. लेकीमागोमाग आलेली थोरली खुर्चीत चहाचा पेला घेऊन बसली आणि तिनं जाहीर केलं, “मी काही करणार नाही. मी फक्त बोलणार.”

“ते आम्हाला माहीत आहे, आई,” भाची म्हणाली.

पहिल्यांदा पांढरी चादर लावली. भाचीनं फोटो काढला, बघितला, आणि ओठ चावला.

“काय गं?”

“मावशी, तू गणिताच्या वहीत उभी आहेस.”

खरंच. चादरीच्या घड्यांचे चौकोन चेहऱ्यामागे असे उमटले होते की आता कुणीतरी धाकटीची बेरीज करणार. मग इस्त्री आली. घड्या गेल्या, पण पांढरं इतकं उजळलं की कॅमेऱ्यानं सगळा उजेड चादरीलाच वाटून टाकला आणि धाकटीच्या वाट्याला काजळी आली.

“चुलीतून काढल्यासारखी दिसते,” थोरली म्हणाली.

दुसरा पडदा फुलांचा. धाकटीच्या डोक्यातून एक सूर्यफूल उगवलं आणि दोन कानांतून दोन कळ्या बाहेर आल्या. भाची हसून हसून जमिनीवर बसली. धाकटी मात्र हसली नाही. डोक्यावर काही उगवलेलं तिला बघवत नव्हतं.

“साधा लाव,” ती म्हणाली. “एकरंगी.”

मग गर्द हिरवा आला. मखमलीसारखा, जड. धाकटी समोर उभी राहिली. भाचीनं कॅमेऱ्यातून पाहिलं, कॅमेरा खाली केला, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

“मावशी, तू गेलीस कुठं?”

“अगं, ही काय!”

“मुंडकं आहे. बाकीची नाही. हवेत तरंगतंय नुसतं.”

थोरलीच्या नाकातून चहा आला. झालं होतं असं की धाकटीचा ड्रेस हिरवा होता, आणि तोच हिरवा होता. त्याच ताग्यातला. पडदा शिवून उरलेल्या तुकड्याचा तिनं चार वर्षांपूर्वी ड्रेस शिवला होता.

“थांब, निळा घालते,” धाकटी आत पळाली. निळा घालून आली. भाचीनं तोवर हिरवा काढून निळा पडदा लावला होता. पुन्हा मुंडकं. धाकटी बदामी घालायला पळाली, भाचीनं बदामी लावला. आत ही बदलते, बाहेर ती बदलते, दोघींची चुकामूक एकदाही होईना. शेवटी भाचीनं मावशीचं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. एकतीस वर्षांत उरलेला एकेक तुकडा तिथं बाह्या लावून टांगला होता.

“मावशी, हे कपाट नाही. हा नमुन्यांचा कॅटलॉग आहे.”

“कापड वाया घालवायचं का?”

“ही बया लोकांच्या खिडक्या अंगावर घालून फिरते,” थोरली म्हणाली, “आणि म्हणते, मला कुणी ओळखत नाही! माझा युनिफॉर्म घाल, दिसशील तरी.”

“म्हणजे लोक पडदे सोडून बसची चौकशी करतील.”

“तशीही तुझी बस चुकायला आलीय. अडीच वाजले बघ.”

अडीच! धाकटीला घड्याळात कात्री दिसली. चकचकीत. ती कपड्यांच्या ढिगाऱ्यात उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. मग एकदम म्हणाली, “उलटा लाव.”

“काय?”

“तो जांभळा. जड पडदा आहे ना, त्याला अस्तर आहे. अस्तराची बाजू पुढे घे. ते राखाडी आहे, त्याला चमक नाही. उजेड पडला की पिऊन टाकतं. आणि अस्तराचा ड्रेस मी अजून शिवलेला नाही.” हिरवा ड्रेस ढिगातून ओढत म्हणाली, “अंगात हिरवाच घालते.”

भाचीनं जांभळा उलटा टांगला. राखाडी अस्तर मागे संध्याकाळच्या आभाळासारखं शांत पसरलं. “आता पडद्यापासून पुढे ये, चांगली दोन पावलं. चिकटून उभं राहिलं की सावली मागे डाग पाडते. अजून एक. खिडकी डाव्या गालावर घे.” पडद्यावरची सावली घरंगळून जमिनीवर पडली. हिरवा ड्रेस उठून आला. धाकटीची चांदीची बट, हनुवटीवरचा तीळ, सुईनं टोचटोचून जाड झालेलं बोट, सगळं आपापल्या जागी लख्ख. भाचीनं कॅमेरा उचलला. “मावशी! किती छान दिसतेस गं तू! थांब हं. श्वास घे… रोखून धर… हलू नको!”

आणि धाकटीचा दगड झाला.

खांदे वर, डोळे वटारलेले, ओठ टाका घातल्यासारखे. दवाखान्यात दिवसाला पन्नास वेळा म्हणायचा तो शब्द भाचीच्या तोंडून सुटत होता आणि प्रत्येक वेळी धाकटी सहा वर्षांची होत होती. दहा फोटो झाले, वीस झाले. पडदा सुंदर, उजेड सुंदर, आणि मधोमध पोलिसानं पकडून आणलेली बाई.

“हे बघून गिऱ्हाईक आत यायचं नाही,” थोरली म्हणाली. “उलट घरचे पडदे आणून जमा करतील.”

“ताई, गप्प बस ना जरा!” धाकटीचा आवाज फुटला. ती आतून पत्र्याची पेटी घेऊन आली आणि तळाशी ठेवलेला तो फोटो तिनं भाचीपुढे धरला. “हे बघ. म्हणून होतं तसं. मी फोटोत शिरले की फोटो बिघडतो. आईचा एकच फोटो, तोही मी बिघडवला.”

भाचीनं ही गोष्ट ऐकली होती, घरात चेष्टेत शंभरदा, पण फोटो पाहिला नव्हता. तिनं तो खिडकीला धरला, एक्स-रे धरावा तसा, एक डोळा बारीक करून.

“हा आजोबांचा कोट. हे तुझे छोटे बूट. झालर तुझ्या मुठीत आहे खरी…” ती थांबली. “पण ती सैल आहे गं. ओढलेलं कापड ताणतं ना? ही तर लोंबतेय.”

“इकडे आण,” धाकटी म्हणाली, पण भाचीनं फोटो सोडला नाही.

“आणि आजी बघ! मावशी, आजी हसतेय! अगदी घशापर्यंत हसतेय. हंस काय बघत बसलीस, तोंड बघ ना तिचं!”

धाकटीनं पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं हंसाखाली कधी नजर नेलीच नव्हती. अंधारात खळखळून हसलेलं ते कोण, हे तिला आज, दुपारी पावणेतीन वाजता कळलं.

“आणि आई,” भाचीनं फोटो खुर्चीकडे वळवला, “यात तू कुठं आहेस? बूट मोजले मी. सहाच आहेत. आजोबांचे दोन, आजीचे दोन, मावशीचे दोन.”

थोरलीनं पेल्यात पाहिलं. पेला कधीचा रिकामा होता. “असेन कुठंतरी पडद्याखाली. पुढे चला, पुढे चला, वेळ जातोय!”

फोटो पेटीवर ठेवला गेला. पुन्हा उभी राहिली धाकटी. तीन वाजून गेले, सव्वातीन झाले. भाचीनं “हलू नको” गिळायला शिकून घेतलं, पण मग ती नुसतं “ह” म्हणायची आणि धाकटीला पुढचं ऐकू यायचं. “काहीतरी बोल मावशी, ओवी म्हण,” ती म्हणाली. धाकटी म्हणू लागली, “सुई जाते पुढे पुढे…” आणि खरंच ओठाचे टाके उसवत होते, खांदे खाली येत होते, भाचीचं बोट बटणावर टेकलं होतं, तेवढ्यात शिडीकडची चिकटपट्टी सुटली.

धाडकन दांडा आला. दांड्यामागून जांभळा पडदा आला. सगळीकडे अंधार.

आणि त्या अंधारातून एक अगदी बारीक, घाबरा आवाज आला. चौपन्न वर्षांच्या बाईचा, पण सहा वर्षांच्या पोरीचा.

“मी नाही! मी नाही ओढला!”

भाची हसू लागली. धाकटी पडद्याखालून बाहेर आली आणि केस विस्कटलेली, लाजलेली, तीही हसायचा प्रयत्न करू लागली. हसली नाही ती फक्त थोरली. ती खुर्चीतून उठली. पेला तिनं जमिनीवरच ठेवला. जी काही करणार नव्हती, फक्त बोलणार होती, ती एक शब्द न बोलता शिडीपाशी गेली, दांडा डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं पडदा सावरला, आणि कपाटाच्या आणि शिडीच्या मध्ये, पडद्याच्या मागे उभी राहिली. दोन्ही हात वर.

“मी धरते,” पडदा म्हणाला. “काढा फोटो.”

“आई, हात दुखतील.”

“तीस वर्षं हलत्या बसमध्ये वरचा दांडा धरून उभी होते. काढ तू.”

चारला दहा कमी होते. अस्तर पुन्हा नीट झालं. पलीकडे, थोरलीच्या नाकासमोर, पडद्याची सुलटी जांभळी बाजू होती आणि तिच्यापलीकडे धाकटीची पाठ. धाकटीच्या चेहऱ्याचा मात्र पुन्हा दगड. “राहू दे,” ती हळूच म्हणाली. “सांग त्यांना, कात्री छापा म्हणून. मी आपली पडद्यामागे बरी.”

सोमवारी त्या रस्त्यावर जी पाटी लागली, ती अजून आहे. तिच्यावर कात्री नाही. राखाडी शांत आभाळासमोर एक बाई आहे, हिरव्या ड्रेसातली. मान मागे टाकून, घशापर्यंत हसणारी. ज्यांनी तो जुना फोटो पाहिलाय ते म्हणतात, हे तर आईचं तोंड. फक्त हंस नाही. बसमधले लोक वळून वळून बघतात. पाटीवाल्यानंही विचारलं होतं, “बाई, पडदा वरून जरा तिरका आहे, सरळ करू का?” धाकटी म्हणाली, “हात लावलात तर याद राखा.” गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पडद्याआधी हेच विचारतं: एवढं हसायला काय झालं होतं हो तेव्हा?

झालं होतं ते असं. चारला सात कमी असताना पडदा थरथरू लागला.

“अगं पडदापाडे…” पडद्यामागून आवाज आला. तो कंडक्टरचा नव्हता. त्यात ‘पुढे चला’ नव्हतं.

“हात भरून आले ना ताई? सोड तू.”

“हात नाही गं.” पडदा म्हणाला, “वळू नकोस. पुढेच बघ. तू वळलीस तर माझ्यानं बोलवायचं नाही.”

भाचीनं श्वास रोखला. कुणी न सांगता.

“त्या दिवशी मला बघायचं होतं, तो जिना वर कुठं जातो ते. स्टुडिओवाला दोन म्हणाला आणि मी मागे शिरले. मागे जिनाबिना काही नव्हतं गं. एक बादली होती, एक झाडू होता, आणि त्याचा अर्धा खाल्लेला डबा होता. मी डब्याकडे बघत राहिले आणि माझा पाय त्या बादलीत अडकला, तोल गेला तसा मी पडदाच धरला. तू बिचारी घाबरून झालर धरून उभी होतीस. सगळे तुलाच बोलले. मला वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, परवा सांगू. मग मी तुला ते नाव ठेवलं, म्हणजे कुणाला शंका यायला नको… ऐकतेस ना? तो पडदा मी पाडला. पडदापाडी तू नाहीस गं. मी आहे.”